एकास चोवीस

माझ्या पहिल्या मोटारीचा पत्रा चोवीस मिलिमीटर जाडीचा होता. गाडी रणगाडा नव्हती, साधी ॲम्बेसडर होती. १९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती पुठ्ठ्यातून कापली, फेव्हिकॉलनं जोडली, पोस्टर कलरनं रंगवली आणि शोकेसमध्ये ठेवून फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. पुठ्ठा एक मिलिमीटरचा आणि गाडीचं प्रमाण एकास चोवीस. म्हणजे ती गाडी कुणी फुगवून खऱ्याएवढी केली असती, तर तिचं दार कापायला गॅसकटर लागला असता. खऱ्या मोटारीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो. हा हिशोब मला तेव्हा सुचला नाही, आणि मी पोटासाठी गणित शिकवत होतो.

वर्ध्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी एकतीस वर्षं गुणोत्तर आणि प्रमाण हे प्रकरण शिकवलं. चार मजूर, सहा दिवस, एक विहीर. फळ्यावर लिहायचं, तिरकस गुणायचं, उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. प्रमाण म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, हे मला त्या पुठ्ठ्याच्या गाडीनंतर, हळूहळू आणि लाज वाटत वाटत कळलं.

चोवीस का, असं लोक विचारतात. उत्तर शाळेच्या फुटपट्टीवरच आहे. एक फूट म्हणजे अर्धा इंच धरलं की एकास चोवीस होतं. इंग्रजी मापाच्या देशांत हा हिशोब सोयीचा, म्हणून तो रूढ झाला. ॲम्बेसडरची लांबी ४३२५ मिलिमीटर, तिला चोवीसनं भागलं की १८० येते. तळहातावर राहील, पण दाराची मूठही करता येईल, असा हा आकार. लांबी चोवीसपट कमी होते, तसं क्षेत्रफळ ५७६ पट आणि घनफळ १३,८२४ पट कमी होतं. खरी ॲम्बेसडर अकराशे किलोच्या आसपास. त्या हिशोबानं माझी गाडी ८० ग्रॅमची व्हायला हवी. माझी लाकडी अंगाची गाडी मी किराणा दुकानात तोलली, तर २१० भरली. दुकानदारानं विचारलं, ‘गुरुजी, काय भाव?’

पुठ्ठ्याच्या गाडीनंतर दोन वर्षांनी मी खरी गाडी मोजायचं ठरवलं. तोवर मी ॲम्बेसडर आठवणीतून काढत होतो. लहानपणापासून रोज बघितलेली गाडी, तिला मोजायचं काय? स्टेशनसमोर एक पांढरी टॅक्सी उभी असायची. मालक तोच चालक. मी टेप, वही आणि शिशाची तार घेऊन गेलो. शिशाची तार वाकते आणि वाकलेली राहते, त्यामुळे ती बॉनेटवर दाबून बसवायची, अलगद उचलायची आणि कागदावर ठेवून तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. गोलाई मोजण्याचा याहून स्वस्त उपाय मला आजही माहीत नाही. चालक आधी आरटीओचा माणूस समजून गडबडला, मग खेळण्यासाठी मोजतोय हे ऐकून हसला, मग टेपचं दुसरं टोक स्वतःच धरून उभा राहिला.

त्या दोन तासांत मला कळलं की मी ॲम्बेसडर कधी पाहिलीच नव्हती. छत मी सपाट काढायचो. ते सगळीकडून फुगलेलं निघालं, आणि त्याच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून न्यायला बारीक पन्हळ होती. मागची डिकी मी दीडपट लांब काढत होतो. पुढच्या दोन चाकांतलं अंतर आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर वेगळं होतं. काय कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं, हे मला एकाही जागी बरोबर सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना ॲम्बेसडर काढायला सांगितली. चाळीस मुलांनी चाळीस डबे काढले. मी कुणाला काही बोललो नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी वहीत आली, तिचं मोल मात्र फार उशिरा कळलं. गाडीची डावी आणि उजवी बाजू सारखी नव्हती. डाव्या मडगार्डची गोलाई उजव्यापेक्षा आठ मिलिमीटरनं चपटी होती. चालक म्हणाला, हिंगणघाटच्या रस्त्यावर बैलानं धडक दिली होती, मग ठोकून घेतलं. मी उजवी बाजू खरी मानली, डावी खोडली, आणि घरी येऊन उजवीचीच आरशातली प्रत डावीकडे लावली. गणिताचा माणूस दुसरं काय करणार?

सामानाबद्दल थोडं सांगतो. त्या काळात वर्ध्यात मॉडेलचं सामान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. परदेशी मासिकांत पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांची वर्णनं असायची, ती वाचून मी लग्नपत्रिकांकडे आणि आईस्क्रीमच्या डब्यांकडे वळायचो. टायर जुन्या स्लीपरचे. चकती कापायची, ड्रिल मशीनला लावून फिरवायची आणि फिरताना काचपेपर धरायचा. एक्झॉस्टचा पाइप म्हणजे बॉलपेनची रिफिल. मागचे लाल दिवे सौ.च्या नेलपॉलिशचे, खाली चांदी लावून. हे काही जुगाडाचं कौतुक नाही. नेलपॉलिश आणि गाड्यांचा जुना ड्यूको रंग हे मुळात एकाच कुळातले, दोन्ही नायट्रोसेल्युलोजचे. फेव्हिक्विकवर खाण्याचा सोडा भुरभुरला की तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो आणि घासता येतो. कसलीही फट बुजवायला मी आजही तेच वापरतो.

क्रोमच्या पट्ट्यांसाठी सिगारेटच्या पाकिटातली चांदी सगळ्यांत बरी. पाण्यात भिजवून कागद सोलायचा, उरलेला वर्ख पातळ डिंकावर बसवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं घासायचा. त्यासाठी मी शाळा सुटल्यावर पानठेल्यापाशी रेंगाळून रिकामी पाकिटं गोळा करत असे. महिनाभरात मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फार आपुलकीनं तंबाखूचे दुष्परिणाम सांगितले. मी खरं कारण सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, सिगारेट परवडली असती.

पुठ्ठ्यानंतर मी लाकडाकडे गेलो तो तान्ह्या पोळ्यामुळे. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तिथे माणसाहून उंच लाकडी नंदीही निघतात. माझा पहिला बैल आजोबांनी घेऊन दिलेला. शिंग मोडलेला तो बैल अजून माळ्यावर आहे. एका वर्षी सिंदीला एका म्हाताऱ्या वाढयाला, म्हणजे सुताराला, बैलाची मान काढताना पाहत मी तासभर उभा राहिलो. त्याच्याकडे फुटपट्टी नव्हती. पाय, पोट, वशिंड सगळं डोळ्यानं, आणि दोन्ही बाजू सारख्या. माझ्या कागदावरचा ॲम्बेसडरचा आडवा छेद त्याला दाखवला. त्यानं शिवणीचा ठोकळा दिला, हातात पटाशी दिली आणि पहिल्या पाच मिनिटांतच थांबवलं.

‘रेघ खाऊ नका गुरुजी. रेघ ठेवा. रायलेलं काढता येते, खाल्लेलं लावता नाई येत.’

मी रेघेवरच कापत होतो. वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो होतो, रेघेवर कापा. पण रेघेलाही जाडी असते. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ या प्रमाणात खऱ्या गाडीवर बारा मिलिमीटर होते. दोन बाजूंच्या दोन रेघा खाल्ल्या की गाडी इंचभर अरुंद झालीच. माझ्या सगळ्या गाड्या उपाशी का दिसत, त्याचं उत्तर त्या वाढयाच्या ओट्यावर मिळालं.

आता रंग. या छंदात मी जितका काळ घालवला त्यातला अर्ध्याहून जास्त रंगानं खाल्ला, आणि त्यातलाही बराचसा रंग खरवडून काढण्यात गेला.

आर्वी नाक्याकडे एका गॅरेजात एक पेंटर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्याकडे मी माझी लाकडी गाडी घेऊन गेलो आणि म्हटलं, हिला तुमच्या गाड्यांसारखी चमक द्या. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, डोळे मिटून अंगठा फिरवला आणि परत दिली.

‘गुरुजी, गाडी रंगानं नाई चमकत जी. पेपरनं चमकते.’

पुढचे तीन रविवार त्यांनी मला एका जीपच्या दारावर वॉटर पेपर मारायला बसवलं. २२०, ४००, ६००, मग १०००. पाणी टाकायचं, घासायचं, पुसायचं. माझ्या मते दार तयार झालं की ते त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा उडवत आणि पुन्हा पेपर मारायला लावत. उंच जागचं काळं निघून जाई, खड्ड्यातलं राहून जाई. मी गुळगुळीत समजत होतो त्या दारावर काळ्या डागांचा नकाशाच उमटायचा. मग ते मलमलचं फडकं दारावर पसरून त्यावरून हात फिरवायला सांगत. कापडामुळे बोटं नुसती सरकत जातात आणि बारीकसा उंचवटाही जाणवतो. ‘डोयाले फसवता येते, हाताले नाई,’ असं ते म्हणत. चौथ्या रविवारी माझ्या हातात गन आली. तेव्हा कळलं की रंग काहीही झाकत नाही. उघड्या लाकडावर जो ओरखडा दिसत नव्हता, तो चमकदार रंगाखाली लांबून दिसतो.

लहान गाडीवर ही अडचण चोवीसपट होते. खऱ्या मोटारीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळा रंग मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या थोडा पुढेमागे असतो. मी ब्रशनं एकच हात दिला, तरी तेवढा थर बसायचा. माझ्या गाडीवर त्याचा अर्थ अडीच मिलिमीटरचा गिलावा. दाराची फट बुजायची, पन्हळ भरायची. खरी फट पाच मिलिमीटरची असेल, तर माझी ०.२ मिलिमीटरची हवी. ती कापायला ब्लेडच्या टोकाची मागची बाजू वापरतात. धारेनं कापलं तर कडा फुगतात, मागच्या बाजूनं ओढलं तर खाच निघते. म्हणून मी फवाऱ्याकडे गेलो. आईच्या दम्यासाठी आणलेल्या नेब्युलायझरचा छोटा कॉम्प्रेसर, त्याला एअरब्रश. दाब कमी मिळायचा, पण पातळ रंग उडायचा. आईला वाफ द्यायची वेळ झाली की नळी काढून परत जोडायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केलं ते केलं.

आणि मग आमचं हवामान. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या हवेत फवारा गाडीपर्यंत पोचायच्या आत वाटेतच सुकतो, आणि छतावर रंगाऐवजी रवा पडतो. पावसाळ्यात दुसरंच. दमट हवेत थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळी गाडी दुधाळ होते. उरली दिवाळी ते होळी. त्यातही सकाळी दहा ते बारा, वारा नसेल तर, वीज असेल तर. फवारा लांबून किंवा घट्ट रंगाचा मारला की अंगावर बारीक खळगे येतात, त्याला गॅरेजात संत्र्याची साल म्हणतात. संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही. माझ्या पहिल्या पाच गाड्या सोलता आल्या असत्या.

२००२ सालच्या डिसेंबरात मी एक फियाट पूर्ण केली. चार महिने लागले होते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ९७.५ मिलिमीटर, अगदी बरोबर; दारं उघडणारी; स्टिअरिंगच्या दांड्याला गिअरचा दांडका. खाली एनॅमल रंग होता. तीनच दिवसांचा, वरून सुकलेला. त्यावर मी ड्यूको मारला. थिनर कडक, खालचा रंग कच्चा. अर्ध्या मिनिटात छताला सुरकुत्या पडल्या, मग बॉनेटला, मग सगळीकडे, उकळत्या दुधावर साय गोळा व्हावी तसा रंग उचलला गेला. मी हातात गन धरून पाहत राहिलो. कोणता रंग कशावर चालतो, हे उस्तादांनी दोनदा सांगितलं होतं. मला रविवार संपायच्या आत गाडी संपवायची होती. त्या गाडीला मी आठ महिने हात लावला नाही. सौ.नं ती टोपलीखाली झाकून ठेवली होती, मेलेल्या पिलासारखी.

त्याच हिवाळ्यात आणखी एक मूर्खपणा केला. थंडी होती म्हणून खिडक्या लावून खोलीत फवारत बसलो. तासाभरानं उठलो तो दाराच्या चौकटीवर आपटलो. डोकं दोन दिवस दुखलं. रुमाल तोंडाला बांधला म्हणजे मास्क झाला, अशी माझी समजूत होती. थिनरची वाफ रुमालाला जुमानत नाही. तेव्हापासून फवारणी ओसरीतच, आणि कार्बनचा मास्क लावून. या छंदात कुणी नवं येत असेल तर एअरब्रशच्या आधी मास्क घ्या, एवढं नक्की सांगेन.

आता टॅक्सीवाल्याकडे परत जातो.

लाकडाच्या अंगाची, उस्तादांच्या पद्धतीनं रंगवलेली, चांदीच्या पट्ट्यांची ॲम्बेसडर घेऊन मी १९९८ साली स्टेशनवर गेलो. नंबरप्लेटही त्याच्याच गाडीची लिहिली होती. माझी अपेक्षा होती की माणूस हरखून जाईल. त्यानं ती दोन्ही हातांत घेतली, फिरवली, डाव्या मडगार्डवर बोट ठेवलं.

‘मस्त हाय जी. पण हे माही गाडी नाई.’

मी म्हणालो, नंबर तर तुमचाच आहे. तो म्हणाला, नंबर माझा आहे. मग स्वतःच्या गाडीकडे घेऊन गेला आणि एकेक दाखवत सुटला. बैलानं धडक दिलेलं मडगार्ड. मागच्या दाराखाली गंजून फुगलेला रंग. चालकाच्या खिडकीच्या कडेवर कोपर टेकून टेकून उडालेला पांढरा, त्याखालचा राखाडी प्रायमर, आणि त्याखाली चमकणारा नुसता पत्रा. डिकीवर सामान चढवताना पडलेले ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. मी पाच वर्षांपूर्वी यातलं निम्मं मोजून वहीत लिहिलं होतं आणि चूक म्हणून खोडलं होतं.

दुसरी गाडी करायला दोन वर्षं लागली. नवी कोरी गाडी करण्यापेक्षा वापरलेली गाडी करणं कितीतरी अवघड. पांढराशुभ्र रंग एवढ्याशा गाडीवर चुन्यासारखा दिसतो, म्हणून त्यात चिमूटभर पिवळा आणि काळा. गडद रंग उलट लहान गाडीवर अधिकच गडद वाटतो, त्याला थोडा पांढरा द्यावा लागतो. खऱ्या गाडीचा डबा आणून तोच रंग लावला की काम झालं, असं मी समजत होतो. रंगाच्या डब्याला प्रमाण कळत नाही. धुळीचंही तेच. रस्त्यावरची खरी धूळ आणून खालच्या भागाला लावली, तर ती गाडीवर खडीसारखी दिसली, कारण धुळीचा कण चोवीसनं बारीक होत नाही. वस्त्रगाळ करूनही जमेना. शेवटी खडूची पूड लावली, तपकिरी आणि थोडी काळी, कोरड्या ब्रशनं. ज्या खडूची पूड आयुष्यभर नाकातोंडात गेली, ती मडगार्डखाली अशी बसली की वर्ध्याच्या काळ्या मातीचा रस्ता दिसावा.

पुढची काच एक्स-रेच्या फिल्मची. फिल्म ब्लीचच्या पाण्यात टाकली की काळा थर सुटतो आणि खाली स्वच्छ, किंचित निळसर पत्रा राहतो, उन्हात उभ्या गाडीच्या काचेसारखा. घरात फिल्म एकच होती, वडिलांच्या छातीची. सेवाग्रामच्या दवाखान्यात काढलेली. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मी ती तबकडीत टाकली आणि बरगड्या विरघळताना पाहिल्या. आधी कडा, मग मधलं. बरोबर केलं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. सौ. त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

ती गाडी मी टॅक्सीवाल्याला देऊन टाकली. त्यानं पैसे विचारले नाहीत, मीही बोललो नाही. डॅशबोर्डवर गणपतीशेजारी त्यानं ती चिकटवली. खऱ्या गाडीत तिची नक्कल फिरत असे, आणि मी स्टेशनवर गेलो की खिडकीतून डोकावून पाहत असे. पुढे त्यानं टॅक्सी बंद केली. मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २०१४ ला, बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसडरचं उत्पादन थांबलं. त्याची गाडी भंगारात गेली तेव्हा लहान गाडी तेवढी त्यानं काढून घेतली.

शाळेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथून नई तालीम निघाली. हातानं काही करता करता शिकायचं, टकळीवरून गणित, मातीवरून विज्ञान. पुढच्याच वर्षी इथे ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय उघडलं. मी डी.एड.ला यावर दहा मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं. आणि त्याच वर्ध्याच्या कुशीत पंधरा वर्षं फक्त खडूनं गणित शिकवत होतो. गंमत म्हणजे नई तालीम निघाली त्याच काळात तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्स मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा चालवत होती. १९३० पासून १९६८ पर्यंत ती चालली. आधी नेपोलियनची बग्गी हुबेहूब करायची, पुढे स्वतःच्या मनातली मोटार. तिकडे गाड्या विकणाऱ्या कंपनीला जे सुचलं, ते मी दारात असून केलं नाही.

टॅक्सीवाल्याच्या बोलण्यानंतर मी वर्गात एकास दहा प्रमाणात काहीतरी करून आणायला सांगू लागलो. गणितात कायम मागे राहणारा एक मुलगा बंडी करून आला. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. मी फळ्यावर जी बंडी काढायचो तिच्या चाकाला आठ आरे असायचे. काढायला सोपे, ४५ अंशांचा कोन. त्याच्या चाकाला बारा होते. मी म्हणालो, आठ असतात. तो घाबरत, पण ठाम बोलला, ‘गुरुजी, बंडीच्या चाकाले बारा आरे रायते. मोजून पाहा ना.’ शाळेच्या कुंपणाला लागून बंडी उभीच होती. सगळा वर्ग बाहेर आला. बारा. ३६० भागिले बारा किती, असं मी विचारलं तेव्हा पहिला हात त्याचाच वर गेला.

आता हात पूर्वीसारखा स्थिर नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशननंतर माझ्याच जुन्या गाड्या पाहिल्या तर पांढऱ्या समजून रंगवलेल्या दोन गाड्या चांगल्याच पिवळट निघाल्या. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात असतो. त्यानं थ्रीडी प्रिंटरवर जाळीच्या तारांची चाकं छापून पाठवली. सुरेख आहेत, हातानं मला कधीच जमली नसती. त्याला वाटलं मी नाराज होईन. नाराज कशाला? छापलेल्या चाकावरही थरांच्या बारीक रेघा असतातच. ४०० चा पेपर, मग ६०० चा. उस्ताद असते तर हसले असते.

सध्या टेबलावर जी गाडी आहे ती वर्ध्याचीच. जमनालाल बजाजांकडे एक जुनी फोर्ड होती, तिचं इंजिन काढून पुढे बैल जुंपले होते, आणि गांधीजी तिला ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, ही गोष्ट आमच्याकडे अजून हसत सांगतात. आमची ॲम्बेसडर ज्या विलायती गाडीवरून उतरली ती मॉरिस ऑक्सफर्ड. तेव्हा आमच्या शोकेसमध्ये ऑक्सफर्डची दोन घराणी होतील. माझी फोर्ड मॉडेल टी असेल, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर शंभर इंच, म्हणजे माझ्याकडे जवळपास १०६ मिलिमीटर.

बैल आधी केले. ते आमच्याच जिल्ह्याचे हवेत, गवळाऊ जातीचे, पांढरे, अंगानं सडसडीत. आर्वीकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात टेप घेऊन गेलो. टॅक्सी उभी राहिली होती तसा बैल उभा राहीना. खांद्यापाशी सव्वा मीटर भरला, म्हणजे माझा बैल ५२ मिलिमीटरचा. सिंदीचे वाढई आता नाहीत, त्यांच्या मुलानं शिवणीतून ओबडधोबड जोडी काढून दिली आणि पुढचं माझ्यावर सोडलं. रेघ ठेवून. दोन्ही बैल एकसारखे नाहीत. डाव्याचं एक शिंग किंचित खाली आहे, गोठ्यातल्याचं होतं तसं.

मॉडेल टीची चाकं लाकडी. एका चाकाला बारा आरे, चार चाकांचे अठ्ठेचाळीस. बांबूच्या काड्या तासून करतोय, रोज सकाळी उजेड असेपर्यंत. काल संध्याकाळी मोजले, एकोणीस झालेत.